फेरी राहिलेली गाडी

१

बिल हातात पडलं की शेठ आधी चष्मा काढायचे. मग खिशातून रुमाल, मग एकेक काच, सावकाश. बोलायचं काहीच नाही. समोरचा माणूस थोडा वेळ बिलाकडे बघायचा, थोडा वेळ चष्म्याकडे, आणि काचा पुसून व्हायच्या आत आपणहून म्हणायचा, "बरं शेठ, करतो काहीतरी कमी." ह्या एका रुमालावर शेठनी उभ्या आयुष्यात किती वाचवलं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा, तोंडात कापसाचा बोळा असताना, त्यांनी चष्मा पुसला होता आणि डॉक्टरांनी दाढेमागे सूट दिली होती. "तोंड उघडता येत नव्हतं हेच पथ्यावर पडलं," असं ते दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि गिऱ्हाईक हसत असतानाच त्याच्या हातात महागाच्या नळाची पेटी ठेवायचे.

दुकान फरशांचं, नळांचं, बेसिनचं. शेठ माणूस गोड. पाणी विचारल्याशिवाय भाव सांगायचे नाहीत. शाळा अर्ध्यावर सुटलेली, पण समोरचा माणूस वाचायला त्यांना वेळ लागत नसे. खोटं बोलणाऱ्याचं तोंड काय बघता, त्याचे कान बघा, आधी तेच लाल होतात, असं ते नव्या नोकराला पहिल्याच दिवशी शिकवायचे.

रुमालाने भागलं नाही तर दुसरा उपाय होता. चार माणसांसमोर, हसत हसत, आवाज थोडासा चढवून बोलायचं. माणूस तोट्याला भीत नाही इतका चार माणसांना भितो, हे शेठना पक्कं ठाऊक होतं. स्वतःवरूनच ठाऊक होतं, पण ते असो.

तर झालं असं, की उंदरांनी गाडीच्या बॉनेटखालच्या वायरी कुरतडल्या. हॉर्न बसला, पुढचे दिवे मिचमिचायला लागले. शेठनी गाडी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे टाकली. हा मिस्त्री फक्त गाड्यांचं वायरिंग करायचा. पत्र्याची शेड, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली रंगीत वायरींची वेटोळी, आणि दाराशी एक लाकडी खुर्ची. खुर्चीत मिस्त्रीचे वडील. सगळे त्यांना बाबा म्हणायचे. शेड मूळची त्यांचीच. नजर गेल्यापासून हत्यारं मुलाकडे आली होती, पण एक काम त्यांनी सोडलं नव्हतं. दुरुस्त झालेली गाडी देण्याआधी बाबा मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसायचे, मुलगा गाडी बाजारातून फिरवून आणायचा, आणि बाबा डोळे मिटून ऐकायचे. उतरून "दे" म्हणाले की गाडी द्यायची. नाही म्हणाले की पुन्हा बॉनेट उघडायचं. त्याला ते फेरी म्हणत. फेरी झाल्याशिवाय त्या शेडमधून गाडी बाहेर पडली, असं कुणी पाहिलं नव्हतं.

शेठ गाडी घ्यायला गेले तेव्हा बाबा खुर्चीतून उठून, चाचपडत, गाडीपाशी पोचले होते. मागच्या दाराच्या कडीवर हात ठेवला होता. त्यांच्या विजारीवर वंगणाचे डाग होते. तिथे बसणाऱ्या कुणाच्याही असतील तसेच.

"बाबांना कशाला त्रास," शेठ म्हणाले. "नुकतीच सीट कव्हरं बसवून घेतलीत. फिक्या रंगाची आहेत हो."

बोलले अगदी गोडीत. शेडमध्ये दोन-तीन गिऱ्हाइकं होती, त्यांनी ऐकलं. बाबांनी कडीवरचा हात काढून घेतला. तळवा विजारीला पुसला, मग पुन्हा एकदा पुसला, आणि खुर्चीकडे वळले. मिस्त्री काही बोलणार होता, पण तेवढ्यात शेठनी बिल मागितलं आणि चष्मा काढला. मिस्त्रीने त्या दिवशी नेहमीपेक्षाही लवकर रक्कम कमी केली.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ जेवायला घरी निघाले, एकटेच. बाजाराचं वळण घेतलं आणि टिंग टिंग सुरू झालं.

स्टिअरिंगच्या पुढे, जिथे वेगाचा काटा असतो तिथे, माणसाचं एक छोटंसं तांबडं चित्र पेटलं होतं. बसलेला माणूस, छातीवर आडवा पट्टा. मागे कुणी बसलं आणि सीटचा पट्टा लावला नाही, की ते पेटायचं. कोणत्या जागेवर कोण बसलंय तेही दिसायचं. पेटलेलं चित्र डावीकडचं होतं.

शेठनी गाडी बाजूला घेतली. आधी वाटलं, नमुन्याच्या फरशा मागे राहिल्या असतील. मागे काही नव्हतं. कोरं करकरीत कव्हर, एक सुरकुती नाही. त्यांनी हाताने सीट दाबून पाहिली. कोमट लागली. ऊन, ते स्वतःशी म्हणाले. मग लक्षात आलं की ऊन गाडीच्या दुसऱ्या अंगाला होतं. तरीही ऊनच, असं ठरवून ते पुढे बसले. घरी पोचेपर्यंत टिंग टिंग चालूच होतं.

मग मागच्या जागेवरचा वाचायचा दिवा पेटायला लागला. भर दुपारी, एकटाच. शेठ मागे हात लांबवून बंद करायचे, पुढच्या चौकात पुन्हा पेटलेला. त्यानंतर काच. डावीकडची मागची काच दोन बोटं खाली यायची आणि तिथेच थांबायची. वायरिंग बिघडलं तर काच पूर्ण खाली येते किंवा अडकून बसते, इतकं शेठनाही कळत होतं. ही मात्र बेतानेच उघडायची. आत गुदमरायला लागलं की माणूस उघडतो तशी.

शेठाणींना हे काहीच दिसलं नाही. त्या शेजारी असल्या की गाडी गरीब गाय. त्यांनी गाडी एकटीने बहिणीकडे नेऊन आणली, सगळं ठाकठीक. शेठनी चित्राचा फोटो काढला, तर काचेत उमटलेला त्यांचा स्वतःचाच चेहरा तेवढा आला, बाकी काळोख.

"गाडीला तुमच्याशीच काही बोलायचं असेल," शेठाणी पोळपाट पुसत म्हणाल्या. "माझ्याशी तरी कोण बोलतंय ह्या घरात."

शेठ हसले. पण त्या दिवसापासून गाडीत बसण्याआधी ते मागचं दार उघडून बघायला लागले. बघून झालं की दार लावायचे, आणि आजूबाजूला कुणी आपल्याला बघितलं का, तेही बघायचे.

३

बिघाड म्हटलं की कुणाचा तरी हात असतो, आणि गाडीला शेवटचा हात मिस्त्रीचा लागला होता. हे गणित शेठना सोपं वाटलं. खरं सांगायचं तर हवंहवंसं वाटलं.

शेडमध्ये त्या सकाळी गर्दी होती. त्यात पलीकडच्या शाळेच्या गाड्यांचा कारभार बघणारे गृहस्थ होते, आणि शेठनी गाडी लावतानाच त्यांना ओळखलं होतं. शाळेच्या सगळ्या गाड्यांचं वर्षभराचं काम मिस्त्रीला द्यायचं चाललं होतं. बाजारात सगळ्यांना माहीत होतं. ते काम मिळालं असतं तर मिस्त्रीची ददात मिटली असती, पत्र्याच्या जागी पक्कं छप्पर आलं असतं. गृहस्थांच्या हातात पेन उघडं होतं.

शेठनी चष्मा काढला नाही. सरळ दुसरा उपाय काढला.

मिस्त्री, म्हणाले, पुढचं दुरुस्त करायला दिलं होतं, तुम्ही तर मागचंही कामाला लावलंत. एकावर एक फुकट. लोक हसले. मग शेठनी दिवा सांगितला, काच सांगितली, टिंग टिंग तर तोंडाने वाजवून दाखवलं. हसू वाढलं तसा आवाजही वाढला. मिस्त्री हातातलं फडकं पिळत एवढंच म्हणत राहिला, की त्याने मागच्या भागाला हात लावलेला नाही, बॉनेटच्या मागे गेलोच नाही.

"तू नाही लावलास तर कोणी लावला?" शेठ म्हणाले.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते त्यांना कळलंही नाही. मिस्त्रीला कळलं. त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. शेठच्या आवाजाच्या दिशेने एक हात पुढे करून म्हणाले, "शेठ, फेरी राहिली होती. ती घेऊ द्या. मग काय बोलायचं ते बोला."

"ऐकलंत?" शेठ लोकांकडे वळले. "बाबा बसले नाहीत म्हणून गाडी रुसली."

ह्यावर सगळ्यात मोठा हशा झाला. बाबा परत बसायला गेले, पण खुर्चीचा हात त्यांना सापडेना. एकदा हवेतच चाचपलं, मग सापडला. हसणाऱ्यांतल्या कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. शेठचं होतं. नको असताना होतं.

शाळेच्या गृहस्थांनी पेनाला टोपण लावलं. दोन दिवसांनी बघू, म्हणाले. शेठनी सगळे पैसे परत मागितले, नाहीतर गाडी बिनबोभाट नीट करून द्या म्हणाले, आणि किल्ली टेबलावर टाकून चालत दुकानात आले. वाटेत ओळखीचे दोघे भेटले, दोघांनाही त्यांनी हा किस्सा सांगितला. दुसऱ्यांदा सांगताना खुर्चीचा प्रसंग आपण गाळतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं.

४

मिस्त्रीचा निरोप आला, गाडी रोज फिरवतोय, एक काही वाजलं नाही. या आणि स्वतः बघा.

दुपारची वेळ, शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. शेठना त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं थोडं वाईटही. मिस्त्री शेजारी बसला, शेठनी गाडी सुरू केली. काही नाही. मिस्त्री म्हणाला, तुम्ही एकटे बसा, मी बाहेरून बघतो. तो उतरला, दार लावलं.

टिंग.

मिस्त्री खिडकीतून आत वाकून त्या तांबड्या चित्राकडे बघत राहिला. मग मागचं दार उघडून त्याने रिकाम्या सीटवर हात ठेवला आणि गरम तव्याला लागावा तसा काढून घेतला. हत्यार घेतलं, सीटखाली डोकं घातलं आणि त्या जागेची वायर शोधून सोडवली. सोडवलेलं टोक हातात धरून उभा राहिला. पांढरी वायर, टोकाला छोटा पिवळा सॉकेट.

चित्र पेटलेलंच होतं. टिंग टिंग चालूच होतं.

शेठच्या डोक्यात शंकांची रांग लागली. दुसरी एखादी वायर असेल. पाणी गेलं असेल. उंदीर मागेही पोचले असतील. एकेक शंका त्यांनी मिस्त्रीपुढे ठेवली आणि मिस्त्री प्रत्येकीला मान हलवत गेला. होकारार्थी नव्हे, नकारार्थीही नव्हे. आजारी माणसापुढे आपण हलवतो तशी.

"मला बसू दे," बाबा खुर्चीतून म्हणाले.

शेठ चटकन उतरले. मागची दोन्ही दारं त्यांनी स्वतः उघडली. आणि मग, चांगुलपणाच्या भरात, टेबलावरचं जुनं वर्तमानपत्र उचलून डाव्या सीटवर पसरलं. कोपरे नीट दुमडले. मिस्त्री बघत होता. आपण हे काय करतोय, हे शेठना कागद पसरून झाल्यावर कळलं, पण आता तो उचलणं त्याहून वाईट दिसलं असतं.

बाबा दारापाशी आले. छतावर एक हात ठेवून वाकले, बसायला म्हणून अंग आत घातलं, आणि अर्ध्यावर थांबले. चेहरा सीटपासून वीतभर अंतरावर असेल.

"सरका जरा," ते हलक्या आवाजात म्हणाले.

वाट बघितली. मग "बरं, बरं, बसा तुम्ही," असं पुटपुटून त्यांनी अंग बाहेर घेतलं, दार हळूच लावलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावतात तसं. गाडीला हाताने चाचपत वळसा घातला आणि उजव्या बाजूने आत बसले.

शेठनी मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री पुढच्या सीटवर बसून सरळ समोर बघत होता.

फेरी निघाली, ह्या वेळी गाडी शेठ चालवत होते. बाजार नेहमीसारखा होता. फळवाला टोपल्या झाकत होता, शिंप्याचं मशीन चालू होतं. शेठना तो सगळा देखावा काचेपलीकडचा, दुसऱ्या कुणाचा वाटला. समोर दोन तांबडी चित्रं पेटली होती. मागे बाबांनी पट्टा ओढून लावला आणि उजवीकडचं विझलं. डावीकडचं तसंच.

वळणावर वर्तमानपत्र सळसळलं. गाडीच्या काचा बंद होत्या.

आरशात बघायचं नाही, असं शेठनी ठरवलं आणि बघितलं. बाबा डोळे मिटून बसले होते, मान डावीकडे कललेली, कान त्या बाजूला. मधूनमधून ते "हं" म्हणत होते. कुणी हळू आवाजात काही सांगत असलं की म्हातारी माणसं म्हणतात, तसं.

शेडमध्ये परतल्यावर बाबा उतरले आणि मुलाला म्हणाले, "ह्यांचे सगळे पैसे परत दे."

"सगळे?"

"सगळे. ह्या गाडीला आपला हात लागलाच नाही असं समज."

मिस्त्री खोक्यातून नोटा काढत होता तेव्हा शेठनी बाबांना विचारलं, की बिघाड तरी काय आहे.

"वायरिंग एकदम ठीक आहे, शेठ."

"मग मागे..."

बाबांनी चेहरा त्यांच्याकडे वळवला. त्यात राग नव्हता. शेठना राग चालला असता.

"ते घाईत नाहीत," बाबा म्हणाले. "तुम्हीही घाई करू नका. पण फार उशीरही करू नका."

शेठच्या उभ्या आयुष्यात कुणी त्यांना बिलाचे पूर्ण पैसे परत दिले नव्हते. घेऊ नयेत, हे कळत होतं. हात पुढे झाला आणि त्यांनी घेतले. निघताना त्यांनी मागच्या सीटवरचं वर्तमानपत्र उचललं. मधोमध खळगा पडला होता, आणि कागद चुरगळून दोन मांड्यांच्या आकाराने खाली दबला होता.

५

ती रात्र शेठनी कूस बदलत काढली, पण सकाळपर्यंत मनाशी ठरलं होतं. वायर मिस्त्रीच्या हातात आणि चित्र पेटलेलं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. मिस्त्रीची चूक नाही. शाळेचे गृहस्थ आज दुकानात यायचे होते, शाळेच्या स्वच्छतागृहाला फरशा हव्या होत्या. त्यांना सरळ सांगायचं, आणि चार माणसांसमोर सांगायचं, कारण बिघडवलंही चार माणसांसमोरच होतं.

वाक्य त्यांनी गाडीत घोकलं. मोठ्याने. "मिस्त्रीचं काम चोख आहे. चूक माझी."

टिंग टिंग थांबलं. चित्र विझलं.

शेठनी गाडी सावकाश चालवली. खड्डा आला असेल, हादऱ्याने झालं असेल, असं एक मन म्हणालं. दुसऱ्या मनाला नुसतं हलकं वाटत होतं. आरशात मागची सीट मोकळी दिसत होती. कव्हरवर एक सुरकुती नाही.

गृहस्थ आले तेव्हा दुकान भरलेलं होतं. एक नवं जोडपं आरसे बघत होतं, दोन गवंडी भाव करत होते, गल्ल्यावर शेठाणी होत्या. शेठनी पाणी विचारलं, फरशा दाखवल्या, एक गमतीची गोष्टही सांगितली. मग गृहस्थांनीच विषय काढला.

"मिस्त्रीचं काय झालं हो मग? त्याला काम द्यावं की नाही, तुमच्या शब्दावर अडलंय."

दुकान ऐकायला लागलं. गवंड्यांनी भाव थांबवला. शेठनी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, सकाळी घोकलेलं, पाच-सहा शब्दांचं. पण ते बोललं की पुढचा प्रश्न येणार, मग काय बिघडलं होतं? आणि त्याचं उत्तर दिलं की हसू. त्या दिवशी शेडमध्ये उसळलं होतं तेच हसू, ह्या वेळी रोख शेठवर. टिंग टिंग तोंडाने वाजवून दाखवलेले शेठ.

"आता काय सांगू," शेठ म्हणाले. "पैसे परत केले त्याने. सगळे. तुम्हीच काय ते समजा."

बोललेलं एकही अक्षर खोटं नव्हतं. शेठचे कान मात्र पेटले.

"सगळे परत केले म्हणजे झालंच की," गृहस्थ म्हणाले. गवंड्यांतल्या एकाने मान डोलावली. त्याच संध्याकाळी शाळेचं काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं, हे शेठना नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं, की गल्ल्यावर शेठाणींनी डोळ्यांवरचा चष्मा काढला होता. पदराने त्या एकेक काच पुसत होत्या. सावकाश. बोलत काहीच नव्हत्या.

आदल्या दिवशी परत मिळालेल्या नोटा शेठनी घरी त्यांच्यासमोरच मोजल्या होत्या. वायरचीही गोष्ट सांगितली होती.

शेठ काही बोलतील म्हणून त्या काचा पुसत राहिल्या. मग चष्मा लावला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पावती दिली.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठनी शेडच्या समोर, रस्त्याच्या ह्या अंगाला गाडी उभी केली. नोटा पाकिटात घालून खिशात ठेवल्या होत्या. शाळेतही जायचं होतं, पण आधी इथे.

दाराशी खुर्ची होती. बाबा नव्हते. खुर्चीवर कुणी तरी एक जुना टायर ठेवला होता. मिस्त्री एका रिक्षाखाली पडलेला होता, त्याचे पाय तेवढे दिसत होते. रिक्षावाला आणि त्याचे दोन सोबती बाहेर उभे राहून गप्पा मारत होते. त्यांतल्या एकाने शेठची गाडी ओळखली आणि दुसऱ्याला कोपराने ढोसलं. दुसऱ्याने तोंडाने टिंग टिंग केलं. तिघे हसले. मिस्त्रीचे पाय हलायचे थांबले.

शेठनी दाराच्या कडीला हात लावला. उतरायचं, रस्ता ओलांडायचा, ह्या तिघांसमोर ते वाक्य बोलायचं. तिघंच तर आहेत. अनोळखी आहेत. पुन्हा कधी भेटणार नाहीत.

गाडी सुरू नव्हती, किल्ली खिशात होती. तरी टिंग झालं, आणि समोर तांबडं चित्र पेटलं.

"मिस्त्रीचं काम चोख आहे," शेठ घाईने म्हणाले. काच वर होती, बाहेर काही ऐकू गेलं नाही. "चूक माझी."

चित्र विझलं नाही. शेठनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, स्पष्ट, एकेक शब्द. टिंग टिंग त्यांच्या शब्दांच्या मधल्या जागा भरत राहिलं. मागचा वाचायचा दिवा लागला. त्याचा पिवळा उजेड शेठच्या खांद्यावरून पुढे, कडीवर ठेवलेल्या हातावर पडला.

पलीकडे रिक्षाखालून मिस्त्री बाहेर आला. फडक्याने हात पुसत उभा राहिला आणि रस्त्यापलीकडून गाडीकडे बघू लागला. बोलावलं नाही, तोंडही फिरवलं नाही. नुसता उभा. येताय का, एवढंच विचारत असावा तसा.

शेठनी कडीवरचा हात काढून घेतला. तळवा विजारीला पुसला, मग पुन्हा एकदा पुसला, आणि हे असं कुणी केलेलं आपण कुठे पाहिलंय, ते त्यांना आठवलं.

"उद्या," ते मागे न बघता म्हणाले. "इथे गर्दी आहे. उद्या नक्की बोलतो."

टिंग टिंग थांबलं.

सुटलो, असं वाटायला जेवढा वेळ लागतो तेवढाच गेला. मग मागे पट्टा सरसरत ओढल्याचा आवाज आला, लांबपर्यंत, आणि टक् करून तो खोबणीत बसला.

शेठनी आरशात बघितलं. सीट रिकामी होती, कव्हर फिकं, स्वच्छ. त्यावरून काळा पट्टा आडवा गेला होता. पण तो सीटला टेकलेला नव्हता. मध्ये हातभर जागा सोडून, गोलसर, कुणाच्या तरी छातीवरून यावा तसा तो आला होता, आणि अगदी थोडा वर जात होता, अगदी थोडा खाली.

मग डावीकडची मागची काच, कधीतरी दोन बोटं खाली आलेली, आपणहून वर चढली आणि घट्ट लागली. लांबच्या प्रवासाला निघताना माणूस लावून घेतो तशी.